रिपोर्टमध्ये एलडीएल नॉर्मल, तरी ब्लॉक कसा? धमनीच्या भिंतीत काय घडतं त्याबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमच्या वडिलांचं वय 58, मधुमेह जुना, बीपीची गोळी चालू, तंबाखू-सुपारीचा खर्रा अजून सुटलेला नाही. मागच्या महिन्यात हार्ट अटॅक येऊन ते नागपुरात भरती झाले, एलएडी या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एका मुख्य धमनीत मोठा ब्लॉक निघाला आणि स्टेंट बसला. भरती असताना तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं, त्यात एकूण कोलेस्टेरॉल 180, एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात) 104, एचडीएल (चांगलं म्हणतात ते) 34 आणि ट्रायग्लिसराइड 210 आलं. एलडीएलच्या आकड्यापुढे लॅबने कसलीही खूण केलेली नाही. नंतर तुमच्या वाचनात आलं की, रोगप्रतिकारक पेशी किती कोलेस्टेरॉल गिळतील हे धमनीच्या भिंतीतले काही रेणू ठरवतात. त्यावरून घरातल्या काकांनी निष्कर्ष काढला की कोलेस्टेरॉलचा काही दोष नाही, दोष भिंतीचा आणि इम्युनिटीचा आहे, तेव्हा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, बंद करा. यात खरं किती आणि गोळी बंद करायची का, असं तुम्ही विचारता.

गोळीचं उत्तर आधी देते, कारण ते लांबवणं बरोबर नाही. बंद करू नका. स्टेंट बसल्यावर स्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता थांबवणं धोक्याचं आहे, पहिल्या वर्षात तर फारच. आता त्यामागचं कारण. तुम्ही जे वाचलं ते खरं आहे. काकांनी त्यातून काढलेला अर्थ मात्र उलटा आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. नागपुरात बरीच वर्षं शवविच्छेदनातली हृदयं आणि महाधमन्या उघडून पाहिल्या, त्यांच्या स्लाइड बनवल्या आणि पीजीच्या मुलामुलींना त्या शिकवल्या. त्यामुळे वडिलांना कोणत्या गोळीचा किती डोस हे मी सांगणार नाही, ते त्यांचे डॉक्टरच ठरवतील. भिंतीच्या आत काय चालतं ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि तेच सांगते.

तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी माझ्या मते एक साधं कोडं आहे. रक्त सगळ्या शरीरात एकच फिरतं, मग चरबी ठरावीक जागीच का साचते? महाधमनी उभी चिरून पसरली की पाठीच्या बाजूला फासळ्यांकडे जाणाऱ्या छोट्या धमन्यांची तोंडं ओळीने दिसतात. तरुण माणसातही पिवळट रेघा बहुतेक वेळा त्या तोंडांच्या आसपास असतात आणि मधला भाग स्वच्छ असतो. फुप्फुसाकडे जाणारी मोठी धमनी त्याच माणसाची, रक्तातलं कोलेस्टेरॉल तेच, पण तिथला दाब कमी, म्हणून ती बहुधा साफ असते. सगळ्यात बोलकं उदाहरण बायपासचं. छातीच्या हाडामागची इंटर्नल मॅमरी धमनी हृदयाला जोडली तर दहा वर्षांनंतरही दहातल्या सुमारे नऊ जणांत ती चालू असते. पायाच्या ज्या शिरा त्याच ऑपरेशनमध्ये त्याच हृदयाला जोडतात, त्यातल्या निम्म्याच्या आसपास तोवर बंद पडलेल्या किंवा खराब झालेल्या असतात. रक्त एकच असून असं होतं, म्हणजे भिंतीचं काहीतरी म्हणणं आहे हे उघड आहे. इथपर्यंत काकांशी मी सहमत आहे.

भिंतीचं म्हणणं काय, ते जरा सावकाश बघू. धमनीचा सगळ्यात आतला थर म्हणजे इंटिमा. त्याच्या रक्ताकडच्या बाजूला एंडोथेलियम पेशींचं एकपदरी अस्तर असतं. जिथे धमनीला फाटा फुटतो किंवा वळण येतं, तिथे रक्त सरळ न वाहता घुटमळतं, उलटसुलट होतं. अशा जागी इंटिमा लहानपणापासूनच थोडी जाड होते. तो आजार नसतो, भिंतीने प्रवाहाशी केलेली जुळवाजुळव असते. या जाड थरात स्नायुपेशी असतात आणि त्या आपल्याभोवती एक जाळं विणतात. या जाळ्यात प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू भरपूर असतात. मधोमध प्रथिनाचा कणा आणि त्याला लटकलेल्या लांबलचक शर्करेच्या साखळ्या, अशी त्यांची रचना. त्यांतले काही म्हणजे बायग्लायकन, व्हर्सिकॅन, डेकोरिन, परलेकन. बऱ्याच साखळ्या काँड्रॉइटिन सल्फेट किंवा डर्मेटन सल्फेटच्या असतात, आणि सल्फेटमुळे त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो.

आता रक्ताच्या बाजूने बघा. एलडीएलचा कण सुमारे 22 नॅनोमीटरचा. त्यात कोलेस्टेरॉल भरलेलं असतं आणि त्याभोवती अपोलिपोप्रोटीन बी हे एकच प्रचंड प्रथिन गुंडाळलेलं असतं, 4,536 अमिनो आम्लांचं. त्याच्यावर काही ठिकाणी लायसिन आणि आर्जिनिन दाटीने येतात आणि तिथे धन भार असतो. धन भाराचे हे तुकडे ऋण साखळ्यांना जाऊन चिकटतात. एलडीएलचे कण एंडोथेलियम पेशींमधून सगळ्यांच्याच भिंतीत दिवसरात्र जात असतात, आणि त्यातले बहुतेक परत बाहेरही पडतात. आजार घडवतात ते आत राहून जाणारे कण.

विदर्भात कापूस वेचणीला उशीर झाला की काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. वाळलेल्या पाल्याचे कण बोंडातल्या कापसावर पडतात. झटकलं की काही गळून जातात, पण बरेचसे तंतूंत गुंततात आणि मग कापूस कितीही झाडला तरी निघत नाहीत. तंतू जितके लांब आणि दाट, आणि पाला जितका जास्त, तितका कचरा राहणार. धमनीच्या भिंतीत एलडीएल असंच गुंतून राहतं.

आजार इथून सुरू होतो, हा विचार 1995 साली केव्हिन जॉन विल्यम्स आणि आयरा टॅबस यांनी नीट मांडला. त्याआधी बहुतेकांचा भर अस्तराला झालेल्या इजेवर किंवा एलडीएलच्या ऑक्सिडेशनवर होता. त्यांचं म्हणणं असं की भिंतीत एलडीएल अडकून राहणं ही पहिली पायरी आहे आणि बाकीचं सगळं तिच्यामागून येतं. 2002 साली स्वीडनमधल्या यान बोरेन यांच्या गटाने ते उंदरांवर तपासलं. अपोलिपोप्रोटीन बीच्या ज्या जागेने कण साखळीला चिकटतो, ती जागा त्यांनी जनुक बदलून बिघडवली. अगदी एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीरही त्यात होते. रक्तातलं कोलेस्टेरॉल दोन्हीकडे सारखंच वाढलेलं होतं, पण ज्यांचं एलडीएल चिकटू शकत नव्हतं त्यांच्या धमन्यांत आजार बराच कमी झाला. हा प्रयोग विद्यार्थ्यांना सांगताना मी नेहमी थांबते, कारण त्यात कोलेस्टेरॉलचं प्रमाण आणि त्याचं अडकणं या दोन गोष्टी प्रथमच इतक्या स्वच्छपणे वेगळ्या काढल्या गेल्या.

तुमच्या प्रश्नाचा गाभा याच्या पुढे आहे. रोगप्रतिकारक पेशी कोलेस्टेरॉल का गिळतात, आणि इतकं का गिळतात?

मॅक्रोफेज ही ती पेशी. रक्तात असताना ती मोनोसाइट नावाची पांढरी पेशी असते, भिंतीत शिरल्यावर मॅक्रोफेज होते. तिच्यावरही एलडीएल आत घेणारा नेहमीचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं एक दार, असतो. पण पेशीत पुरेसं कोलेस्टेरॉल जमलं की ती हा रिसेप्टर बनवणं कमी करते. म्हणजे साध्या, न बदललेल्या एलडीएलमध्ये मॅक्रोफेज बुडवून ठेवली तरी ती फुगत नाही. हा रिसेप्टर शोधणाऱ्या जोसेफ गोल्डस्टाइन आणि मायकेल ब्राउन यांना हेच खटकलं. जन्मतः हा रिसेप्टर नसलेल्या मुलांच्या धमन्यांतही चरबीने गच्च भरलेल्या मॅक्रोफेज सापडतात, तर ती चरबी आत गेली कुठून? 1979 साली त्यांनी दाखवलं की एलडीएलमध्ये रासायनिक बदल केला की मॅक्रोफेज ते वेगळ्याच दाराने घेतात, आणि पेशीत कितीही कोलेस्टेरॉल साठलं तरी हे दार बंद होत नाही. या दारांना आता स्कॅव्हेंजर रिसेप्टर म्हणतात. दोघांना 1985 चं नोबेल मिळालं ते एलडीएल रिसेप्टरसाठी, पण माझ्या दृष्टीने धमनीचा आजार समजायला हा दुसरा शोध तितकाच मोलाचा आहे.

मग भिंतीत एलडीएलला बदलतं कोण? उत्तर पुन्हा त्या जाळ्याकडेच जातं. जो कण तासाभरात आत येऊन बाहेर गेला, त्याला बदलायला वेळच मिळत नाही. जो अडकला त्याच्यावर भिंतीतले एन्झाइम काम करू लागतात. स्फिंगोमायलिनेझ त्याच्या आवरणातली चरबी तोडतं, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून मोठे गठ्ठे होतात. फॉस्फोलायपेझ आणखी तोडतं. काही कणांचं ऑक्सिडेशन होतं. साखळीला चिकटल्यामुळेच अपोलिपोप्रोटीन बीची घडी जराशी बदलते आणि कण या सगळ्या बदलांना आणखी सहज बळी पडतो. प्रयोगशाळेत एलडीएल आधी प्रोटिओग्लायकनसोबत ठेवून मग मॅक्रोफेजना दिलं, तर त्या ते जास्त घेतात, हे 1980 आणि 1990 च्या दशकांत वेगवेगळ्या गटांनी पाहिलं. तुमच्या वाचनात आलेल्या वाक्याचा पाया बहुधा हाच.

गठ्ठा झालेलं एलडीएल मॅक्रोफेज एका घोटात गिळत नाही. ती त्याला कवटाळते, स्वतःच्या बाहेरच एक बंदिस्त आंबट कोपरा तयार करते, त्यात पचवणारे एन्झाइम सोडते आणि सुटलेलं कोलेस्टेरॉल आत ओढते. आत आलेलं कोलेस्टेरॉल चरबीच्या थेंबांच्या रूपात साठतं. आमच्या नेहमीच्या स्लाइडमध्ये ही चरबी दिसत नाही, कारण ऊतक मेणात बसवताना अल्कोहोल आणि झायलिनमध्ये ती विरघळून जाते. उरतात फक्त पोकळ्या, आणि पेशी फेसासारखी दिसते, म्हणून तिला फोम सेल म्हणतात. चरबी बघायची तर ऊतक गोठवून कापावं लागतं आणि ऑइल रेड ओ हा रंग द्यावा लागतो. शेजारचाच काप अल्सियन ब्लूने रंगवला की प्रोटिओग्लायकन निळं दिसतं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या धमनीचे असे दोन काप शेजारी ठेवले की लाल ठिपके निळ्या पट्ट्याच्या खोल भागात, म्हणजे रक्तापासून दूरच्या बाजूला, आधी दिसतात. जपानमध्ये नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी 2007 साली माणसांच्या हृदयधमन्यांवर हाच क्रम व्यवस्थित दाखवला. आधी जाड इंटिमा आणि बायग्लायकनजवळ साचलेली चरबी, आणि मॅक्रोफेज त्यानंतर.

हा क्रम काकांना जरूर सांगा. मॅक्रोफेज पोचते तेव्हा चरबी तिथे आधीच पडलेली असते. सुरुवात रोगप्रतिकारक पेशी करत नाहीत.

पण पुढे त्या अलिप्तही राहत नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. फुगलेल्या मॅक्रोफेज स्वतः लायपोप्रोटीन लायपेझ सोडतात. हा रेणू साखळी आणि एलडीएल यांच्यामध्ये पूल बनतो, म्हणजे आणखी एलडीएल अडकतं. त्या नेट्रिन-1 नावाचं प्रथिन सोडतात, त्यामुळे त्यांचं स्वतःचंच भिंतीतून बाहेर पडणं रोखलं जातं. जाळ्यातून तुटून सुटलेलं बायग्लायकन मॅक्रोफेजच्या टोल-लाइक रिसेप्टरना, म्हणजे धोका ओळखणाऱ्या रेणूंना, चेतवतं, म्हणजे मोडकी भिंतच धोक्याचा इशारा देते. साठा फार झाला की कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनतात, त्यातून एनएलआरपी3 ही पेशीतली दाहाची (इन्फ्लमेशनची) यंत्रणा जागी होते, पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी उचलणाऱ्या दुसऱ्या पेशीही थकलेल्या असतात. मऊ, मृत गाभा असा तयार होतो. त्याच्यावरचं पातळ झाकण फुटलं की रक्ताची गुठळी होते, आणि बहुतेक हार्ट अटॅक असे येतात. दाह वाढला की स्नायुपेशी साखळ्या आणखी लांब करतात, आणि लांब साखळ्या आणखी एलडीएल पकडतात. एका टप्प्यानंतर हे चक्र स्वतःच स्वतःला फिरवू लागतं.

आणखी एक गोष्ट बातम्यांमध्ये सहसा येत नाही. फोम सेल म्हणजे मॅक्रोफेजच, असं आम्हीही बराच काळ शिकवत होतो. माणसांच्या हृदयधमन्यांच्या तपासणीत 2014 साली दिसलं की फोम सेलपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त मुळात भिंतीतल्या स्नायुपेशी असतात. मॅक्रोफेजची ओळख म्हणून आम्ही वापरतो तो सीडी68 हा रंग त्याही घेतात, त्यामुळे फसगत होते. म्हणजे सगळा दोष इम्युनिटीवर टाकायचा म्हटलं तरी निम्मे आरोपी त्या खात्यातले नाहीतच.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर एलडीएल भिंतीत जातं, प्रोटिओग्लायकनच्या साखळ्या त्यातलं काही धरून ठेवतात, धरलेलं बदलतं, बदललेलं मॅक्रोफेज आणि स्नायुपेशी न थांबता गिळतात, आणि त्यातून उठलेला दाह धरून ठेवण्याची ताकद वाढवतो.

आता तुमच्या वडिलांकडे वळू. इथून पुढे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि मी त्यांना तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

पहिली गोष्ट त्या 104 बद्दल. हार्ट अटॅकनंतर पहिला दिवस उलटला की रक्तातलं एलडीएल खाली येतं आणि काही आठवडे कमी राहतं. तिसऱ्या दिवशीचा आकडा वडिलांचा नेहमीचा आकडा नसेल. त्यात भरती झाल्याबरोबर जास्त डोसचं स्टॅटिन सुरू झालं असेल तर आणखीच. अटॅकच्या आधीचा एखादा जुना रिपोर्ट घरात असेल तर शोधा, तो जास्त खरा. दुसरं असं की लॅबच्या कागदावरची नॉर्मलची मर्यादा निरोगी माणसासाठी असते. एकदा अटॅक आला की डॉक्टर 50 ते 55 च्या खाली एलडीएल नेण्याचा प्रयत्न करतात. त्या मापाने 104 हा जवळजवळ दुप्पट आकडा आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकूण 180 मधून एचडीएलचे 34 वजा करा, 146 उरतात. याला नॉन-एचडीएल म्हणतात, म्हणजे भिंतीत अडकू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल. अटॅक आलेल्या माणसात ते 85 च्या खाली हवं. ट्रायग्लिसराइड 210 आणि एचडीएल 34 ही जोडी आपल्याकडे, विशेषतः मधुमेहात, खूप दिसते. अशा रक्तात एलडीएलचे कण लहान आणि दाट असतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी, म्हणून रिपोर्टमधला एलडीएलचा आकडा बरा दिसतो, पण कणांची संख्या जास्त असते. शिवाय हे लहान कण प्रोटिओग्लायकनला जास्त घट्ट चिकटतात. म्हणून अपोलिपोप्रोटीन बीची तपासणी करून घ्या असं मी सुचवेन. प्रत्येक कणात ते एकच असतं, त्यामुळे ती तपासणी थेट कणांची मोजणी असते.

भिंतीच्या बाजूने पाहिलं तर मधुमेह आणि बीपी दोन्ही जाळं दाट करतात. बीपी वाढवणारं अँजिओटेन्सिन 2 स्नायुपेशींकडून लांब साखळ्या करवून घेतं, आणि वाढलेला दाब एलडीएलला भिंतीत ढकलतो. तंबाखू अस्तर बिघडवते. खर्रा ओढत नाही, चघळतो, म्हणून चालतो, असं आपल्या शहरात फार जण मानतात. इंटरहार्ट या 52 देशांतल्या अभ्यासात चघळायच्या तंबाखूनेही हार्ट अटॅकचा धोका दुपटीच्या आसपास गेलेला दिसला. वडिलांना ते स्वतः ऐकतील अशा माणसाकडून हे सांगायला लावा, आणि एकट्याच्या जिद्दीवर सोडू नका. मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत, दाखवत असाल तर तिथल्या डॉक्टरांनाच तंबाखू सोडवण्यासाठी मदत मागा. निकोटिनच्या गोळ्या आणि च्युइंगगमही मिळतात, पण अटॅक ताजा आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच.

मग भिंतीतले रेणूच दोषी असतील तर औषध थेट त्यांच्यावर का देत नाहीत, हा तुमचा पुढचा प्रश्न रास्त आहे. प्रयत्न झाले आहेत. ऑक्सिडेशन रोखावं म्हणून जीवनसत्त्व ई, क आणि बीटा कॅरोटिन दिलेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत, 20,536 लोकांत, 2002 साली काहीच फायदा दिसला नाही. फॉस्फोलायपेझच्या एका प्रकाराला रोखणारं डॅराप्लॅडिब 2014 साली मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरलं. क्युबातल्या संशोधकांनी काँड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्यांना चिकटणारी अँटिबॉडी बनवली, ती प्राण्यांत चालली, पण दवाखान्यात मिळणारं औषध अजून त्यातून आलेलं नाही. अडचण समजण्यासारखी आहे. हे रेणू सगळ्या शरीरात कामाचे आहेत, भिंतीला बळ देतात, त्यांना सरसकट काढून टाकता येत नाही. दाहाच्या बाजूने मात्र यश आलं. 2017 च्या कँटोस चाचणीत कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनने एलडीएल न बदलता हार्ट अटॅकसारख्या घटना सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाल्या, पण जीवघेणे संसर्ग किंचित वाढले. पुढे कोल्चिसिन हे दाह कमी करणारं जुनं औषध कमी डोसमध्ये उपयोगी ठरलं, ते काही रुग्णांना देतातही. पण या सगळ्या चाचण्यांत दाहाचं औषध स्टॅटिनच्या जोडीला दिलेलं होतं, स्टॅटिन बंद करून दिलेलं नव्हतं.

जाळं आपल्या हातात फारसं नाही. त्यात पडणाऱ्या कणांची संख्या आहे, आणि वर्षं आहेत. स्टॅटिनच्या चाचण्या एकत्र केल्या तर एलडीएल सुमारे 39 मिलिग्रॅमने कमी केल्यावर धोका साधारण 22 टक्क्यांनी कमी होतो. ज्यांचं एलडीएल जनुकांमुळे जन्मापासूनच तेवढं कमी असतं, त्यांच्यात हाच फरक सुमारे 54 टक्के निघाला. अमेरिकेत पीसीएसके9 जनुकात ठरावीक बदल असलेल्या कृष्णवर्णीय लोकांचं एलडीएल 28 टक्के कमी होतं आणि हृदयधमन्यांचा आजार 88 टक्के कमी होता, हे 2006 साली प्रसिद्ध झालं. भिंत सगळ्यांची तशीच, पण जाळ्यात दर वर्षी पडणारे कण कमी. माझ्या मते स्टॅटिनसाठी यापेक्षा जोरदार युक्तिवाद नाही.

गुडघ्यांसाठी मिळणाऱ्या ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनच्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण हे वाचून कुणीतरी घाबरून विचारेल. भिंतीतल्या साखळ्या स्नायुपेशी स्वतः जागेवर तयार करतात. तोंडाने घेतलेलं काँड्रॉइटिन आतड्यात फार थोडं शोषलं जातं, त्याचा धमनीतल्या जाळ्याशी संबंध जोडू नका. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर मात्र अशा गोळ्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. गुळवेलीच्या काढ्याचंही सांगून ठेवा. गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत, आणि वडिलांना आधीच बरीच औषधं चालू आहेत.

धमनीच्या भिंतीतलं प्रोटिओग्लायकन मोजणारी कोणतीही तपासणी दवाखान्यात मिळत नाही, तशी जाहिरात दिसली तर पैसे घालवू नका. वडिलांसाठी माझ्या यादीत चारच गोष्टी आहेत. सहा आठवड्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल आणि त्यासोबत अपोलिपोप्रोटीन बी, एचबीए1सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), घरच्या घरी बीपीची नोंद, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन ए. लायपोप्रोटीन ए हा एलडीएलचाच भाऊबंद कण आहे. तोही भिंतीत अडकतो, तो बव्हंशी जनुकांवर ठरतो, आहाराने फारसा हलत नाही, आणि दक्षिण आशियाई लोकांत तो जास्त असण्याचं प्रमाण बरंच आहे. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो वेगळा दाखवलेला नसतो, सांगून करून घ्यावा लागतो. आकडा 50 मिलिग्रॅमच्या वर आला तर एलडीएल खाली आणण्यात वडिलांच्या डॉक्टरांना आणखी काटेकोर राहावं लागेल. मग तुमची आणि तुमच्या भावंडांचीही तपासणी करा. तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण वडिलांना साठीच्या आत अटॅक आलाय. लायपोप्रोटीन ए कितीही निघो, तुमचं स्वतःचं लिपिड प्रोफाइल आणि उपाशीपोटी साखर या महिन्यातच करून घ्या, आणि आकडे हवे तर इथे लिहा. मी बघेन.